फाटक्या खोक्यांचा बाजार

स्वॅप मीटला गेलं की माझी नजर आधी टेबलाखाली जाते. टेबलावर मांडलेलं असतं ते बघण्यासारखं, घेण्यासारखं क्वचितच. पारदर्शक वेष्टनात बंद, चारही कोपरे शाबूत असलेले मोटारींच्या मॉडेल किटचे खोके तिथे रांगेत उभे असतात आणि प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी डकवलेली असते. माझ्या कामाचा माल खाली पुठ्ठ्याच्या मोठ्या कार्टनमध्ये असतो. झाकण फाटलेले, ओल लागून फुगलेले, चिकटपट्टीने कसेबसे बांधलेले, कुणीतरी कधीकाळी उघडून बघितलेले आणि मग राहून गेलेले खोके. त्यांच्यावर चिठ्ठी नसते. गुडघे टेकून खाली बसायचं, एकेक बाहेर काढायचा आणि विचारायचं.

हा नाद नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. किट म्हणजे तयार खेळण्यातली गाडी नव्हे. प्लॅस्टिकच्या चौकटींना धरून असलेले शंभरेक सुटे भाग, मऊ काळे टायर, क्रोमचा मुलामा दिलेले बंपर, पारदर्शक काचा, पाण्यात भिजवून लावायची डिकल्स, म्हणजे नंबर-पट्ट्यांची बारीक चित्रं, आणि एक सूचनापत्रक, एवढं खोक्यात येतं. बाकी कापणं, घासणं, रंगवणं, चिकटवणं तुमचं. आणि स्वॅप मीट म्हणजे एखादा हॉल दिवसभरासाठी घेऊन हौशी मंडळींनी भरवलेला बाजार. आपल्याकडचं जास्तीचं आणायचं, दुसऱ्याकडचं न्यायचं. पैसे देऊन, अदलाबदल करून, किंवा थोडं हे थोडं ते.

स्वस्त कुठे मिळतं, मीटला की ऑनलाइन, हा प्रश्न या छंदात नव्याने आलेला प्रत्येक जण विचारतो. त्याचं सरळ उत्तर देता येत नाही, कारण एकाच खोक्याला दोन वेगवेगळी गिऱ्हाइकं असतात. एक संग्राहक, दुसरा बांधणारा. संग्राहकाला खोका हवा असतो, त्यावरचं चित्र हवं असतं, वेष्टन न फुटलेलं हवं असतं. बांधणाऱ्याला आतलं प्लॅस्टिक हवं असतं. वेष्टन फोडल्या क्षणी संग्राहकाच्या लेखी किटची किंमत घसरते. बांधणाऱ्याच्या लेखी एका पैशाचाही फरक पडत नाही, कारण घरी जाऊन तो पहिलं काम तेच करणार असतो. झाकण फाटलं की संग्राहकाच्या लेखी ती आणखी उतरते. सूचनापत्रक हरवलं, आणखी. म्हणजे संग्राहकासाठी जे बाद झालंय आणि माझ्यासाठी जे धडधाकट आहे, त्या दोहोंमधल्या फटीत माझं स्वस्त किट असतं. ही फट मीटला रुंद असते आणि ऑनलाइन अगदी चिंचोळी. माझा सगळा हिशोब यावर चालतो.

पण जुन्या किटला एवढा भाव का येतो? अमेरिकेतल्या एएमटी या कंपनीपासून सुरुवात करावी लागेल. १९४८ मध्ये सुरू झालेली ही कंपनी आधी मोटारविक्रेत्यांच्या दालनांसाठी तयार छोट्या गाड्या बनवायची. नव्या वर्षाचं मॉडेल कसं दिसतं, कुठल्या रंगात येतं, ते गिऱ्हाइकाला दाखवायला. १९५८ मध्ये त्यांनी त्याच गाड्या सुट्या भागांत, १/२५ प्रमाणात, जोडायला म्हणून विकायला काढल्या. एकाच खोक्यातून तीन तऱ्हेची गाडी करता यायची: कारखान्यातून आली तशी, सजवलेली किंवा शर्यतीची. पोरं तुटून पडली. गंमत पुढेच आहे. खऱ्या गाड्यांचे बंपर, जाळी, दिवे दरवर्षी बदलायचे आणि कंपनी नवा साचा करत बसण्याऐवजी जुन्याच पोलादी साच्यात फेरफार करून पुढच्या वर्षीची गाडी काढायची. म्हणजे बासष्टची गाडी निघाली की एकसष्टची संपली, कायमची. काही साचे पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी कापले गेले. रुंद चाकं मावावीत म्हणून चाकांवरच्या कमानी मोठ्या केल्या, आणि मूळ रूप परत आणायची सोयच उरली नाही.

अशा किटला भाव येणारच. डेट्रॉइटच्या जो-हान या कंपनीचं क्रायस्लर टर्बाइन हे किट घ्या. ती खरी गाडी जेट विमानाच्या जातीच्या इंजिनावर चालायची. १९६३-६४ मध्ये सगळ्या मिळून ५५ बनल्या, लोकांना वापरून बघायला दिल्या आणि नंतर कंपनीने त्यातल्या बहुतेक स्वतःच मोडीत काढल्या. खरी गाडी बघायला संग्रहालय गाठावं लागतं. जो-हानही बंद पडली. त्यामुळे ते किट दिसलं की संग्राहक आणि बांधणारा दोघेही एकाच वेळी हात पुढे करतात, आणि तिथे माझ्यासारख्याने हात मागे घ्यावा हे उत्तम.

सगळंच असं दुर्मीळ नसतं. एएमटी १९७८ मध्ये लेस्नीकडे, म्हणजे मॅचबॉक्सवाल्यांकडे गेली, मग अर्टलकडे, आणि आता ते नाव आणि उरलेले साचे राउंड टू या कंपनीकडे आहेत. एमपीसी या दुसऱ्या जुन्या अमेरिकी किट कंपनीचेही. ही मंडळी जुने साचे पुन्हा चालवतात आणि खोक्यावर जुनंच चित्र छापतात. जपानची टामिया आपली जुनी किटं अधूनमधून परत बाजारात आणते. पुनर्मुद्रण जाहीर झालं की मूळ किटचा भाव खाली येतो; सगळ्यांचा नाही, कारण अस्सल संग्राहकाला पहिल्याच छपाईचा खोका लागतो, पण नुसत्या बांधण्यासाठी शोधणारी गर्दी तिकडून निघून जाते. म्हणून काहीही घेण्याआधी मी स्केलमेट्स या किटांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर किटची कुंडली बघतो. साचा मुळात कुठल्या साली झाला, कुणाकुणाच्या खोक्यातून फिरला, कधी नवे भाग जोडले, ते तिथे ओळीने दिलेलं असतं. चकचकीत नव्या खोक्यात साठच्या दशकातलं प्लॅस्टिक निघू शकतं आणि मळक्या खोक्यात चांगला, तुलनेने नवा साचा. मीटच्या गर्दीत, एका हातात खोका आणि दुसऱ्या हातात फोन धरून हे बघणारे आम्ही बरेच जण असतो. म्हणजे मीट आणि ऑनलाइन यांच्यात तशीही पक्की भिंत राहिलेली नाही.

मीटची खरी चैन म्हणजे उघडून बघता येणं. “बघू का?” असं विचारलं की विकणारा मान डोलावतो. झाकण काढायचं आणि आधी वास घ्यायचा. कुबट वास आला तर ओल लागलीय, म्हणजे डिकल्स गेली असं धरून चालायचं. मग टायर कुठे आहेत ते बघायचं. मऊ टायरच्या प्लॅस्टिकमध्ये ते मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य असतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या कडक पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या बाकीच्या प्लॅस्टिकला, मऊ करतं. टायर काचेच्या भागाला टेकून राहिला असेल तर विंडस्क्रीनवर टायरची नक्षी उमटलेली दिसते, खोलवर, जणू गाडी तिच्यावरून गेली. ते दुरुस्त होत नाही. बंद वेष्टनातल्या खोक्यात हे झालंय की नाही ते बाहेरून कळत नाही, आणि त्या न कळण्याचेच लोक जास्त पैसे मोजतात, याचं मला अजून नवल वाटतं.

त्यानंतर काचांची चौकट दिव्यासमोर धरायची. तडे आणि ओरखडे दिसतात. बॉडी हातात घेऊन मागच्या बाजूने, एक डोळा मिटून छताच्या रेषेकडे बघायचं. उन्हात किंवा तापलेल्या माळ्यावर राहिली असेल तर छत दबलेलं किंवा बॉडी एका कुशीवर कललेली दिसते. विंडस्क्रीनच्या दोन बाजूंचे खांब बोटाने अलगद चाचपायचे. बॉडीत सगळ्यात नाजूक तेच, आणि चिरलेले असले तरी जागच्या जागी राहून फसवतात. क्रोम घासलेलं असेल तर घाबरायचं नाही, ते ब्लीचमध्ये बुडवून उतरवता येतं आणि नव्याने रंगवता येतं. पिवळी पडलेली डिकल्स खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवली की बऱ्याचदा उजळतात. चाकं मोजायची. चार हवीत, आणि ती चारही एकाच जातीची हवीत. हे सांगावं लागतं यावरून काय ते समजा. एवढी तपासणी सरावाने पाचेक मिनिटांत होते. ती होईपर्यंत विकणाऱ्याशी गप्पा सुरू झालेल्या असतात आणि किंमत त्या गप्पांमधूनच खाली येते.

घासाघिशीचं म्हणाल तर वेळेला महत्त्व आहे. दार उघडताच शिरणाऱ्यांना उत्तम माल मिळतो, पण पूर्ण भावाने. दुपार कलली की विकणाऱ्याच्या डोक्यात वेगळं गणित सुरू होतं. हे सगळं परत गाडीत भरायचं, घरी न्यायचं, परत माळ्यावर चढवायचं. घरी कुणीतरी विचारणार, “हे परत आणलंत?” त्या वेळी एकाच कार्टनमधली चार-पाच फाटकी खोकी एकत्र उचलून “या सगळ्यांचे मिळून किती?” असं विचारलं तर बहुधा जमून जातं. एकेकट्या किटवर ताणून धरणारा माणूस गठ्ठ्यावर सैल होतो. मी मात्र फार ताणत नाही. याच माणसाकडे पुढच्या वेळी परत यायचंय, आणि तो तोवर माझ्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवेल अशी आशा असते. ठेवतातही.

एका मीटला एक गृहस्थ सहा-सात कार्टनं घेऊन बसले होते. टेबलावर काहीच मांडलेलं नाही, चिठ्ठ्या नाहीत. विचारलं तर म्हणाले, “भावाचं आहे हो सगळं. तो गेला. मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच बघा आणि काय द्यायचं ते द्या.” असं कुणी म्हणालं की पंचाईत होते. मी खाली बसून बघू लागलो. दुसऱ्याच कार्टनमध्ये, कागदात गुंडाळलेली, वेष्टन न फुटलेली टर्बाइन निघाली. मी ती त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, ही वेगळी ठेवा, घाईने कुणाला देऊ नका, आधी कुठे कितीला विकली गेलीय ते कुणाकडून तरी बघून घ्या. यात थोरपणा काही नव्हता. खरी किंमत देणं मला परवडलं नसतं, आणि खोटी किंमत देऊन आणलेली गाडी रोज समोरच्या कपाटात बघणं त्याहून जड गेलं असतं.

त्याच कार्टनांतून मी घेतलं ते एक अर्धवट किट. सूचनापत्रकावर पेन्सिलने बारीक खुणा होत्या. एक, दोन, तीन, प्रत्येक पायरीपुढे बरोबरची खूण. चौथ्या पायरीपुढे काही नाही. इंजिन पूर्ण झालं होतं. स्पार्क प्लगच्या वायरी किटमध्ये नसतात, त्या गृहस्थांच्या भावाने त्या बारीक तारेच्या स्वतः करून बसवल्या होत्या, आठच्या आठ, आणि प्रत्येक वायर आपल्या ठरलेल्या वाटेने गेलेली. डॅशबोर्डवरच्या तबकड्यांचे काटे पांढऱ्या रंगाने काढलेले. माझा हात इतका स्थिर नाही. संग्राहकाच्या लेखी सुरू केलेलं किट म्हणजे कचरा, त्यामुळे ते मला जवळपास फुकटच पडलं. चौथ्या पायरीपासून पुढे मी करतोय. माझं काम त्या इंजिनाशेजारी नीट शोभत नाही, म्हणून हळूहळू.

आता ऑनलाइनबद्दल. तिथे वाईट काही नाही, पण बाजाराचा स्वभाव निराळा आहे. मीटला एका खोक्यासमोर एक-दोन माणसं उभी असतात. ऑनलाइन त्याच खोक्यासमोर जगभरची माणसं उभी असतात, फक्त दिसत नाहीत. ईबेवर लिलावात तुम्ही तुमची कमाल बोली टाकून ठेवता आणि यंत्रणा तुमच्या वतीने लागेल तेवढंच वाढवत जाते. म्हणजे शेवटची किंमत ठरते ती हरलेल्यांपैकी सगळ्यात वरच्या माणसाच्या बोलीवर. ते किट हवं असलेला आणखी एकच हट्टी माणूस पृथ्वीच्या पाठीवर कुठेही जागा असला, की स्वस्ताई संपली. शिवाय विकणाराही आता अडाणी राहिलेला नाही. तोही आधी दुसऱ्यांच्या किमती बघतो. दुर्दैवाने तो बहुधा मागितलेल्या किमती बघतो, मिळालेल्या नव्हे. वर्षभर तशीच पडून असलेली चढी किंमत बघून दुसरा तीच लावतो आणि तिसरा त्याच्यावर थोडी चढवतो. म्हणून फक्त विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती दाखवणारी चाळणी लावून बघावं. तिथले आकडे पुष्कळदा जमिनीवर आणतात.

तरी ऑनलाइन स्वस्त मिळतंच नाही असं नाही. ज्याला आपण काय विकतोय ते कळत नाही त्याची जाहिरात शोधायची. कंपनीचं नाव चुकीचं लिहिलेली, “जुनी खेळणी, गाड्या, एकत्र” असं काहीतरी मोघम नाव दिलेली, एका अंधुक फोटोत वीस वस्तू कोंबलेली. शोधयंत्राला ती सापडत नाही म्हणून गिऱ्हाइकांनाही सापडत नाही. त्यासाठी रात्री बसून पानंच्या पानं खाली सरकवावी लागतात. मला त्यात फारशी मजा येत नाही. डोळे दुखतात आणि हाताला काही लागत नाही. ज्यांना येते त्यांनी जरूर करावं, त्यांच्याकडची किटं बघून मी जळतो.

पाठवणीचा खर्च हा मात्र सगळ्यांनाच चुकवावा लागणारा कर. किट हलकं असतं पण खोका मोठा आणि बराचसा पोकळ. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं, असा आंतरराष्ट्रीय कुरिअरचा नेहमीचा हिशोब. समजा बाहेरचं पार्सल ४० बाय २७ बाय १३ सेंटिमीटरचं झालं, तर ते जवळजवळ २.८ किलोचं धरलं जातं. आतल्या किटचं वजन अर्धा किलो असो की कमी. म्हणजे तुम्ही हवा पाठवण्याचे पैसे भरता. काही शहाणे विकणारे मागितल्यास खोका सपाट घडी करून आणि भाग पिशवीत भरून पाठवतात. संग्राहकाला हे ऐकूनच घेरी येते. मी आपणहून सांगतो, खोका नाही पाठवलात तरी चालेल.

आणि “पूर्ण” हा शब्द. एका विक्रेत्याकडून मी “सर्व भाग पूर्ण” अशी जाहिरात वाचून एक पोर्शे मागवली होती. जपानच्या फुजिमी कंपनीच्या एन्थुझिअस्ट मालिकेतली, इंजिनाच्या बारीकसारीक भागांसाठी नावाजलेली. आली तेव्हा सगळ्या चौकटी होत्या, पण काचांची चौकट नव्हती. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की फोटोत काचा दिसतच नव्हत्या, तेव्हा त्या दिल्या असं मी म्हटलेलं नाही. फोटो परत बघितला. खरोखरच दिसत नव्हत्या. खोक्याचं चित्र तेवढं पाचही बाजूंनी सुंदर टिपलं होतं. तक्रार करून थोडे पैसे परत मिळाले, प्रकरण मिटलं. मीटला हे घडलं नसतं एवढंच. तिथे काचा पहिल्यांदा दिव्यासमोर धरल्या असत्या.

मीटचा खर्चही हिशोबात धरायला हवा, नाहीतर मीही त्या विक्रेत्यासारखा अर्धाच फोटो दाखवल्यासारखं होईल. जाण्यायेण्याचा खर्च, प्रवेशाचे पैसे, आणि तिथे जाऊन रिकाम्या हाताने न परतण्याची खोड. ऑनलाइन मी एक ठरवलेलं किट शोधतो आणि तेच घेतो. मीटहून येताना माझ्या पिशवीत हमखास असं काहीतरी असतं की ज्याची सकाळपर्यंत मला गरज वाटलेली नव्हती. इतकं स्वस्त होतं की सोडवेना, एवढीच त्यामागची सबब. कपाटातली न बांधलेली किटं वाढत जातात, आणि उरलेल्या आयुष्यात ती सगळी होणार नाहीत हे साधं गणित आहे. या छंदातल्या जवळपास प्रत्येकाचं तेच आहे. हौसेला मोल नाही म्हणतात, पण कपाटाला असतं.

शर्यतीतून बाद झाल्यासारखी दिसणारी, कुणा पोराने डिंकात न्हाऊ घातलेली, बोटांचे ठसे उमटलेली बांधून झालेली गाडी मला मीटमधली सगळ्यात किफायतशीर वस्तू वाटते. आम्ही तिला ग्लू बॉम्ब म्हणतो. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की जुना डिंक ठिसूळ होतो आणि सांधे हलकेच पिळून पुष्कळदा सुटतात. सगळे नाही, जिथे डिंकाने प्लॅस्टिकच वितळवून एकजीव केलंय तिथे करवतच लागते. रंग उतरवायला आठवडा जातो. पण जी गाडी बंद खोक्यात कधीच परवडली नसती ती अशी हाती लागते. ऑनलाइन हा माल मागवताना मी दहादा विचार करतो, कारण डिंकाखाली काय शिल्लक आहे ते फोटोत कळत नाही.

सुट्या भागांसाठी मात्र ऑनलाइनला तोड नाही, हे कबूलच करायला हवं. एखादं चाक, एखादा बंपर, एखादी काच. किटं फोडून भाग वेगवेगळे विकणारे तिथे आहेत आणि ते सगळं नीट लिहून ठेवतात. त्या पोर्शेच्या काचा मला अशाच एकाकडून मिळाल्या. हाताच्या पंजात मावेल एवढं पाकीट आलं, त्यात बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळलेली एक पारदर्शक चौकट. तिची किंमत आणि पाठवणी मिळून आकडा किटपेक्षा वर गेला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. घेतली. आता त्याच पोर्शेच्या मागच्या दिव्यांची लाल भिंगं राहिलीत. मीटला ओळखीच्या एकाकडे ती आहेत, पण तो सुटी द्यायला तयार नाही. घ्यायचं तर अख्खं किट घ्या म्हणतो. त्या किटात टायर नाहीत. टायर माझ्याकडे आहेत.